वाचनालयातील वही कोणाची?



आमच्या वस्तीतील विहाराच्या माडीवर एक लहानसे वाचनालय आहे. तीन लोखंडी कपाटे, सहा टेबले आणि वर्गणी काढून घेतलेले दोन संगणक, एवढाच त्याचा संसार. दिवसा स्पर्धा परीक्षेची मुले-मुली तेथे अभ्यासाला बसतात. संध्याकाळी निवृत्त मंडळी वर्तमानपत्रे चाळायला येतात. रविवारी पुस्तकांची देवघेव मी पाहतो. नोकरी कारकुनाची असल्यामुळे नोंद ठेवणे माझ्या अंगवळणी पडले आहे. कोणी, कोणत्या तारखेला, कोणते पुस्तक नेले, हे सारे मी एका जाड वहीत रकाने आखून लिहीत असे. वही कोणी उचलून नेऊ नये म्हणून तिला भोक पाडून ती सुतळीने टेबलाला बांधून ठेवली होती. वही जाऊ नये याची काळजी मी घेतली. वहीतली गोष्ट बाहेर जाऊ नये, हे मात्र माझ्या ध्यानातही आले नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक मुलगी अभ्यासिकेत नियमाने येत असे. वडील बिगारी कामाला जाणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. एका रविवारी तिने एक पुस्तक नेले. त्या पुस्तकाचे नाव मी येथे देणार नाही. ते तिने का नेले, हे मला ठाऊक नाही आणि विचारण्याचा मला अधिकारही नाही. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या एका गृहस्थांनी सहज म्हणून वही उघडली, तिचे नाव पाहिले, पुढच्या रकान्यातले पुस्तक पाहिले. संध्याकाळी ती गोष्ट चहाच्या टपरीवर गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी पोहोचली. “पोरगी काय काय वाचते, जरा लक्ष ठेवा,” एवढेच कोणीतरी म्हणाले. तिचा मोबाईल काढून घेण्यात आला. अभ्यासिका बंद झाली. दोन महिने तिची खुर्ची रिकामी होती.

मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील मला मान देतात. त्यांनी पाणी दिले, बसायला सांगितले आणि म्हणाले, “दादा, तुमच्याच वहीत लिहिलंय ना ते?” मला उत्तर देता आले नाही. मी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. पण माझ्या हाताने लिहिलेल्या एका ओळीने त्या मुलीच्या शिक्षणाची वाट अडवली होती. म्हणून आजच्या सदरात मी इतरांना उपदेश करण्याआधी माझी चूक कबूल करतो आणि मग वाचनालयाने काय करायला हवे ते सांगतो.

बडोद्याची नोंदवही

नोंदवहीत नाव लिहिणे ही गोष्ट आपल्या समाजाला कधीच साधी नव्हती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, नंतर लंडनला गेले आणि १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. एका पारशी उतारगृहात गेले, तर ते फक्त पारशांसाठी होते. तेथील नोंदवहीत पारशी नाव असल्याशिवाय रखवालदाराला त्यांना ठेवून घेता येत नव्हते. शेवटी बाबासाहेबांना परके नाव धारण करून तेथे राहावे लागले. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. हा सारा प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

परदेशातील एवढे मोठे शिक्षण घेऊन आलेला माणूस एका नोंदवहीपुढे हतबल झाला, याचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. कोण नाव विचारतो, कशासाठी विचारतो आणि ते कोणाला दाखवतो, यावर माणसाचे राहणे, शिकणे आणि पोट अवलंबून असते.

यावर काही बांधव म्हणतात, “आपण काय चोर आहोत काय? लपवायचे कशाला? आपण छाती पुढे काढून जयभीम म्हणतो.” हा स्वाभिमान मला मान्य आहे. पण स्वतः होऊन जयभीम म्हणणे वेगळे आणि दुसऱ्याने आपल्या मागे आपले कागद चाळून आपली जात शोधून काढणे वेगळे. पहिल्यात आपण मालक असतो, दुसऱ्यात नसतो. शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या, खासगी कंपनीत मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. घरमालकाने आडनाव विचारले की त्यांना तो कळतो.

न दिसणारी वही

माझी वही निदान डोळ्यांना दिसत होती. आता अशा वह्या घरोघरी, खिशाखिशात आहेत आणि त्या दिसत नाहीत. आपण मोबाईलवर एखादा आजार शोधतो आणि थोड्याच वेळात त्याच आजाराच्या औषधाच्या जाहिराती दिसू लागतात. यात जादू काही नाही. आपण एखादे संकेतस्थळ उघडले की ते आपल्या यंत्रात ‘कुकी’ नावाची एक लहानशी खूण ठेवते. दुसऱ्या ठिकाणी गेलो की ती खूण पाहून आपल्याला ओळखले जाते. काय शोधले, किती वेळ थांबलो, कुठे बोट ठेवले, फोन कोणत्या भागात होता, याची जुळणी होते. मग जाहिरातदार त्या जुळणीचे पैसे मोजतो. आपण मोबाईल वाचत असतो आणि मोबाईल आपल्याला वाचत असतो, असे म्हटले तरी चालेल.

याहून जवळचे उदाहरण सांगतो. आमच्या वाचनालयातील संगणकावर मुले शिष्यवृत्तीचे आणि नोकरीचे अर्ज भरतात. त्यासाठी जातीचा दाखला, आधार, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, सारे संगणकात चढवावे लागते. एके दिवशी मी सहज ‘डाऊनलोड’चा कप्पा उघडला. दोन वर्षांतील कितीतरी मुलामुलींचे दाखले त्यात तसेच पडले होते. नाव, जन्मतारीख, पत्ता, जात, वडिलांचे उत्पन्न, खाते क्रमांक. त्या खुर्चीवर पुढे बसणारा कोणीही ते पेनड्राइव्हवर घेऊन गेला असता. कोणी नेले असेल तर तेही आम्हाला कळण्याचा मार्ग नव्हता. हीच स्थिती ठिकठिकाणच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि इंटरनेट कॅफेत असते. मग अनोळखी माणसाचा फोन येतो, आपले नाव, आपल्या गावाचे नाव सांगतो, आणि आपल्याला वाटते की हा माणूस खरोखरच बँकेतून बोलतो आहे.

ज्यांनी नाही म्हटले

वाचकाने काय वाचले ते ग्रंथपालाने कोणाला सांगू नये, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने १९३९ सालीच आपल्या नीतिनियमांत वाचकाची माहिती गुप्त राखण्याचे कर्तव्य लिहून ठेवले. नियम लिहिणे सोपे असते, तो पाळण्याची वेळ येते तेव्हा कसोटी लागते. ती वेळ आली ती नेमकी बाबासाहेबांच्या कोलंबिया विद्यापीठात, ही आपल्याला जवळची वाटणारी गोष्ट आहे.

जून १९८७ मध्ये एफ.बी.आय. या तपास यंत्रणेचे दोन अधिकारी कोलंबिया विद्यापीठाच्या गणित व विज्ञान ग्रंथालयात आले. तेथे बसलेल्या एका कारकुनाला त्यांनी विचारले की, परदेशी माणसे येथे काय वाचतात, ते आम्हाला सांगाल का? त्या काळात अमेरिका आणि रशिया यांचे शीतयुद्ध चालू होते आणि रशियाच्या बाजूच्या देशांतील माणसे काय वाचतात यावर नजर ठेवण्याचा तो कार्यक्रम होता. जवळच असलेल्या एका ग्रंथपालाच्या कानावर ते पडले आणि गोष्ट वर गेली. त्या वेळी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जबाबदारी पॉला कॉफमन या बाईंकडे होती. त्यांनी अधिकाऱ्यांना स्पष्ट नकार दिला. एवढेच करून त्या थांबल्या नाहीत, त्यांनी ही गोष्ट ग्रंथपालांच्या संघटनेला कळवली. पुढे वर्तमानपत्रांत आले, अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे चर्चा झाली.

विचार करा. अधिकारी प्रथम साहेबाकडे गेले नाहीत, टेबलावर बसलेल्या कारकुनाकडे गेले. मी कारकून आहे म्हणून मला हे जास्त जाणवते. माहिती बाहेर जाते ती नेहमी खालच्या टेबलावरून. टेबलावरच्या माणसाला कोणी शिकवले नसेल तर त्याने तरी काय करावे?

दुसरी हकीकत २००५ ची. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर तपास यंत्रणांना फार मोठे अधिकार देण्यात आले होते. कनेक्टिकट राज्यात काही ग्रंथालयांना संगणकाची सेवा पुरवणाऱ्या एका संस्थेला पत्र आले की, अमुक वेळी ग्रंथालयाचा संगणक कोणी वापरला ती माहिती द्या आणि हे पत्र आल्याचे कोणालाही सांगू नका. त्या संस्थेच्या चार ग्रंथपालांनी न्यायालयाची वाट धरली. प्रकरण चालू असताना आपणच ते अर्जदार आहोत हे त्यांना उघड बोलता येत नव्हते. २००६ मध्ये ही तोंडबंदी उठली आणि सरकारने ती मागणीही सोडून दिली. हे चौघे काही पुढारी नव्हते. पुस्तके देणारी-घेणारी साधी माणसे होती.

आपल्या देशाचा कायदा

आता कोणी म्हणेल, ते अमेरिकेत झाले, आपल्याकडे काय? आपल्याकडे बाबासाहेबांनी लिहिलेले संविधान आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. तो कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. हा खटला न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी वृद्धापकाळी हा दावा लावला होता.

विचार मांडण्याच्या स्वातंत्र्याचा निकाल तर आपल्या महाराष्ट्राच्या मातीतून निघाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती. एकीने चार ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्याला नुसती पसंतीची खूण केली होती. त्यानंतर एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

मुलींचा मोबाईल काढून घेणाऱ्या पालकांनी आणखी एक निकाल ऐकावा. केरळमध्ये एका मुलींच्या वसतिगृहात ठरावीक वेळेत मोबाईल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगितले.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संस्थांवरील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. या कायद्याचे मूळ सूत्र सोपे आहे. माहिती घ्यायची तर कशासाठी ते सांगून, संमतीने घ्यायची, त्याच कामासाठी वापरायची, आणि काम संपले की पुसून टाकायची. आपल्या वाचनालयाने हे सूत्र आजच पाळायला काय हरकत आहे?

आम्ही काय केले

त्या मुलीच्या घरून परत आल्यावर मी विहार समितीची बैठक मागितली. बैठक तीन तास चालली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “मुलं काय वाचतात हे वडीलधाऱ्यांना कळायला नको का?” महिला मंडळाच्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, आमच्या सासूबाई आम्हाला अक्षर वाचू देत नव्हत्या. काय वाचतेस म्हणून विचारायच्या आणि पुस्तक चुलीत टाकायच्या. तेच तुम्ही करायचं म्हणता का?” त्यानंतर फारसा विरोध राहिला नाही. जे ठरले ते असे:

१) सुतळीची वही बंद. त्याऐवजी तिकीट पद्धत सुरू केली. ही पद्धत ग्रंथालयांत फार जुनी असून ब्राऊन पद्धत म्हणून ओळखली जाते. प्रत्येक वाचकाला पाकिटासारखे एक तिकीट, प्रत्येक पुस्तकात एक कार्ड. पुस्तक दिले की कार्ड तिकिटात घालून तारखेच्या खोक्यात ठेवायचे. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हातात. पुस्तक बाहेर असते तोवर ते कोणाकडे आहे हे कळते. परत आल्यावर मागे काहीच उरत नाही. वार्षिक अहवालासाठी किती पुस्तके गेली-आली एवढा आकडा आम्ही रोज लिहितो, नावाशिवाय.

२) ज्या वाचनालयांत संगणकावर नोंद आहे तेथेही हे करता येते. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर आहे. परत आलेल्या पुस्तकावरून वाचकाचे नाव काढून टाकण्याची सोय त्यात आहे. ती चालू करावी लागते, आपोआप होईल असे समजू नये.

३) पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्यांची यादी आम्ही व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकत असू, पुस्तकाच्या नावासकट! ते बंद केले. आता ज्याचे त्याला फोन करून सांगतो, तेही घरच्या दुसऱ्या माणसाला पुस्तकाचे नाव न सांगता.

४) सभासद होताना आधारची झेरॉक्स घेणे बंद केले. शंभर रुपये अनामत आणि दोन ओळखीच्या सभासदांची सही पुरते. कुठे आधार द्यावेच लागले तर ‘मास्क्ड आधार’ द्यावे, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, हे फलकावर लिहून लावले आहे.

५) संगणकावर प्रत्येकाने ‘गेस्ट’ खात्यातून काम करायचे. उठताना आपले खाते बंद करायचे. रोज रात्री कुलूप लावण्यापूर्वी डाऊनलोडचा कप्पा आणि कचरापेटी, दोन्ही रिकामे करण्याचे काम पाळीने एकेका मुलाकडे दिले आहे. नुसते पुसून भागत नाही, कचरापेटीतून ते परत काढता येते.

६) कॅमेरा दारावर आणि कपाटांकडे. टेबलावर कोण काय वाचतो तिकडे कॅमेऱ्याचे तोंड नाही.

७) कोणीही, मग तो नगरसेवक असो, देणगीदार असो की पालक असो, वाचकाची माहिती मागू लागला तर टेबलावरच्या मुलाने नम्रपणे समितीकडे बोट दाखवायचे. पोलीस आले तर त्यांचा लेखी आदेश घ्यायचा, समितीला कळवायचे, आणि जाणत्या वकिलाला विचारून कायद्याप्रमाणे सहकार्य करायचे. कायदा मोडा असे आम्ही सांगत नाही. पण तोंडी विचारणेवर माहिती द्यायची नाही. आणि जी नोंद ठेवलीच नाही ती देण्याचा प्रश्नच येत नाही.

रविवारचा वर्ग

रक्षण करणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे शिकवण्याचे. रविवारी बुद्धवंदनेनंतर आम्ही एक तासाचा वर्ग सुरू केला. शिकवणारी आमचीच महाविद्यालयात जाणारी मुले-मुली, शिकणारे आईवडील आणि आजी-आजोबा. पहिल्या दिवशी सात जण आले, त्यातले दोन झोपले. पण दुसऱ्या रविवारी एका रिक्षाचालक बांधवांनी आपला अनुभव सांगितला आणि सगळे जागे झाले.

त्यांनी मुलीच्या प्रवेशासाठी मोबाईलवरून एका कर्ज देणाऱ्या ॲपकडून थोडे पैसे घेतले होते. ॲप घेताना “परवानगी द्या” असे विचारले तेव्हा त्यांनी सगळीकडे होय म्हटले. हप्ता चुकला आणि त्यांच्या फोनमधील सगळ्या नातेवाइकांना, अगदी मुलीच्या शिक्षिकेलाही, शिवीगाळीचे संदेश गेले. माणूस आठ दिवस घराबाहेर पडला नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या आदेशात कर्ज देणाऱ्या ॲपना ग्राहकाच्या फोनमधील नावांची यादी, फोटो आणि कॉलची नोंद पाहायला मनाई केली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. वाचनालय हे सांगण्याची जागा नाही तर दुसरी कोणती?

वर्गात आम्ही थोडेच शिकवतो, पण प्रत्येकाच्या हाताने करून घेतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला कशाची परवानगी आहे ते पाहणे आणि नको ती काढणे. टॉर्चच्या ॲपला आपल्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवेत, असे विचारले की आजीबाईसुद्धा हसतात आणि विसरत नाहीत. पासवर्ड म्हणून १४ एप्रिल किंवा मुलाची जन्मतारीख न ठेवणे. खात्याला दुहेरी कुलूप लावणे. ओटीपी कोणालाही न सांगणे, समोरचा स्वतःला साहेब म्हणवत असला तरी. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करणे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

मुले विचारतात, “काका, इन्कॉग्निटोमध्ये उघडलं की कोणालाच दिसत नाही ना?” हा गैरसमज काढून टाकावा लागतो. त्या खिडकीतून पाहिलेले त्या संगणकावर किंवा फोनवर नोंदले जात नाही, एवढेच. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो ते कळू शकते, आणि त्या संकेतस्थळालाही आपण आल्याचे कळते. खोटा भरवसा हा उघड्या दारापेक्षा वाईट.

एक फोन आणि पाच माणसे, अशी आपली घरे आहेत. अशा घरात खासगीपणा कसला, असे वाटते. पण नवऱ्याने बायकोचा, भावाने बहिणीचा संदेश न विचारता उघडू नये, ही शिस्त दोन खोल्यांच्या घरातही पाळता येते. त्याला पैसे लागत नाहीत.

आपल्याच कपाटाची परीक्षा

शेवटी एक अवघड गोष्ट. वाचनाचे स्वातंत्र्य बाहेरच्यांकडूनच हिरावले जाते असे नाही. आमच्या कपाटात बाबासाहेबांच्या काही मतांवर टीका करणारे एक पुस्तक होते. एका तरुण कार्यकर्त्याने ते रागाने उलटे करून मागे सारले आणि म्हणाला, “हे विहारात कशाला?” मी त्याला १९८७ ची आठवण करून दिली. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला तेव्हा तो मागे घ्या म्हणून केवढे वादळ उठले. तेव्हा आपली माणसे, गिरणीतली, गोदीतली, झाडू खात्यातली, रजा टाकून मुंबईच्या रस्त्यावर उतरली. १९८८ च्या आरंभीचा तो मोर्चा ज्यांनी पाहिला ते आजही सांगतात. एका पुस्तकासाठी, ते वाचण्याच्या आणि छापण्याच्या हक्कासाठी लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आलेला हा समाज आहे. त्याच समाजाने न आवडणारे पुस्तक उलटे करून मागे सारावे, हे शोभत नाही. बाबासाहेबांनी विरोधकांचे ग्रंथ आधी वाचले आणि मग त्यांना उत्तर दिले. तथागतांनीही कालामांना हेच शिकवले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. पारखायचे तर दोन्ही बाजू हाताशी पाहिजेत आणि पारखताना कोणी मानेवर उभा राहून पाहत नसला पाहिजे. ते पुस्तक आता पुन्हा सरळ उभे आहे. तो तरुण कार्यकर्ताच ते वाचायला घेऊन गेला होता, असे मला वाटले. पण तिकीट पद्धत असल्यामुळे आता ते नक्की सांगता येणार नाही!

त्या मुलीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ठराव झाल्यावर समितीचे दोघे आणि त्या मावशी तिच्या घरी गेल्या. वही बंद केल्याचे सांगितले आणि आमच्याकडून चूक झाली असे स्पष्ट म्हटले. वडील काही बोलले नाहीत. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ती आली, आपल्या खुर्चीवर बसली, दुपारी एक पुस्तक घेऊन गेली. दोन महिन्यांचा अभ्यास बुडाला तो बुडालाच, तो मी भरून देऊ शकत नाही. पण जुनी वही मी समितीसमोर पाने फाडून पाण्यात भिजवून नष्ट केली. तेवीस वर्षे कागद जपून ठेवण्याची नोकरी केली. एखादा कागद नाहीसा करणे हेही कधीकधी कर्तव्य असते, हे त्या दिवशी शिकलो.

ज्या ज्या विहारात, समाजमंदिरात वाचनालय किंवा अभ्यासिका आहे, तेथील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. येत्या बैठकीत हा विषय घ्या. तुमच्या टेबलावर वही उघडी आहे का ते पाहा. संगणकाचा डाऊनलोडचा कप्पा आजच उघडा. आणि दर्शनी भिंतीवर एक ओळीचा फलक लावा: येथे काय वाचावे हे वाचक ठरवील आणि काय वाचले हे कोणालाही सांगितले जाणार नाही.

जयभीम!